नदी धरून सायकल: बेळगाव सीमाभागात फिरायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी सरली की पुण्या-कोल्हापूरकडच्या मित्रांचे आणि त्यांच्याही मित्रांचे फोन सुरू होतात. सायकल घेऊन येतोय, कुठं जाऊ, किती दिवस लागतील, रस्ता कसाय? प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. मी बेळगावच्या टिळकवाडीचा, सायकल शौकाची, शर्यतीची नाही, म्हणून सांगतो ते शांत रस्ते. वेग वाढवायला येणार असाल तर महामार्गाचा सर्व्हिस रोड आहेच, त्याला माझी गरज नाही.

शांत रस्ते म्हणता ते नेमके कुठले?

नकाशा उघडा आणि आधी रस्ते नाही, नद्या बघा. उत्तरेकडून खाली येत गेलात तर कृष्णा, दूधगंगा-वेदगंगा, हिरण्यकेशी-घटप्रभा, मार्कंडेय आणि मलप्रभा. सगळ्या सह्याद्रीच्या अंगानं येतात आणि पूर्वेला जातात. पुणे-बंगळूर महामार्ग मात्र निपाणीकडून कित्तूरकडं, म्हणजे उत्तर-दक्षिण धावतो. त्यामुळं महामार्ग नदीला भेटला तर एकदाच भेटतो, तोही उंच पुलावरून, आणि पुढं पळतो. नदीच्या काठाकाठानं जातो तो गावरस्ता. शेताला जायला, देवळाला जायला, बाजाराला जायला केलेला. त्याच्यावर ट्रक कशाला येईल?

एवढं एक सूत्र धरलंत तर मला फोन करायची वेळ येणार नाही. महामार्ग ओलांडायचा, धरायचा नाही. खानापूर-लोंढ्यावरून गोव्याला जाणारा रस्ताही टाळायचा. चोर्ल्याचा, म्हणजे जांबोटी-कणकुंबीवरून गोव्याला जाणारा रस्ता अडचणीचा आहे, कारण मलप्रभेच्या उगमाला जायला तोच लागतो. शनिवार-रविवारी गोव्याला निघालेल्या गाड्यांची तिथं झुंबड असते. मंगळवारी पहाटे तोच रस्ता तुमच्या एकट्याच्या मालकीचा.

दोनच दिवस आहेत. कुठून सुरुवात करू?

मलप्रभा. दुसरा विचार करू नका.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आत बेळगाव सोडा. पिरनवाडीवरून जांबोटीचा रस्ता धरायचा. किणये मागं पडलं की शहर संपतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूला भाताची खाचरं आणि लाल जांभ्याच्या माळावर काजू. कुसमळीला नदी पहिल्यांदा दिसते. जांबोटीत चहा घ्या, कारण पुढं कणकुंबीपर्यंत हमखास चहा मिळेल असं ठिकाण नाही. बेळगाव ते कणकुंबी सुमारे ४० किलोमीटर. चढ आहेत, पण घाटासारखे छातीवर येणारे नाहीत. चढ-उतार, चढ-उतार, असं पाय मोडून काढणारं प्रकरण आहे. ज्यांना वाटतं ‘पठारावर काय लागतंय’, त्यांनी परतताना मला सांगावं.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे आणि तिथंच मलप्रभेचा उगम. समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८०० मीटरवर निघालेलं हे पाणी ३०४ किलोमीटर चालून कूडलसंगमला कृष्णेत मिसळतं. गंमत अशी की इथून थोडं पश्चिमेला गेलं की पाण्याचा उतार फिरतो. त्याच डोंगरातलं म्हादईचं पाणी गोव्याला, अरबी समुद्राला जातं आणि मलप्रभेचं बंगालच्या उपसागराला. गोवा आणि कर्नाटकाचं पाण्याचं भांडण या एका उतारावर उभं आहे. तिथं सायकल उभी करून चारी बाजूला बघितलं की भांडण कळत नाही, उतार मात्र कळतो.

परत जांबोटीपर्यंत त्याच रस्त्यानं यायचं आणि तिथून खानापूरला वळायचं. हा तुकडा माझ्या सगळ्यात आवडीचा. नदी रस्त्याच्या आसपास लपाछपी खेळत असते. जांबोटीजवळच हब्बनहट्टीत नदीकाठाला मारुतीचं देऊळ आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं आणि हिवाळ्यात कोरड्या खडकांवर बसून डबा खाता येतो. संध्याकाळी खानापूर. दिवसभराची बेरीज ८० किलोमीटरच्या आसपास होते.

खानापुरात पोचल्यावर अंगात त्राण असलं तर तसंच पुढं असोग्याला जा. चार-पाच किलोमीटरवर नदीच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ. सकाळी गेलात तर आणखी चांगलं.

दुसऱ्या दिवशी नंदगड आणि हलशी. त्याबद्दल वेगळं लिहितो, कारण ते थोडक्यात उरकण्यासारखं नाही.

हलशीत असं काय आहे? गाव तर छोटंसं दिसतंय.

छोटंच आहे. खानापूरपासून १४ किलोमीटर. शाळा, दुकान, कट्टा, बांधलेली म्हैस, सगळं इतर गावांसारखं. पण हेच कदंबांचं पलाशिका. बनवासीच्या कदंबांचे पाचव्या शतकातले ताम्रपट इथं सापडले, आणि त्यात जैन बस्तीला, म्हणजे मंदिराला दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. पुढं सात-आठशे वर्षांनी गोव्याच्या कदंबांनी इथं भूवराह नरसिंहाचं देऊळ बांधलं. त्याला दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांकडं तोंड करून आहेत. मध्ये उभं राहिलात तर एका बाजूला वराह, पृथ्वीला उचलून धरलेला, आणि दुसऱ्या बाजूला बसलेला विष्णू. बाहेर उन्हाचा चटका असला तरी आत दगडाचा थंडावा असतो. सायकलवाल्याला याची किंमत कळते.

गावात आणखी देवळं आहेत: सुवर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर. काही शेताच्या कडेला, काही कुणाच्या परड्याला लागून. मोटारीनं येणारे भूवराहाचा फोटो काढून अर्ध्या तासात निघून जातात. तुम्ही सायकल हातात धरून गल्ल्या चाला. कुणीतरी ‘त्या तिकडं पण एक हाय बघा’ म्हणून सांगतंच, आणि सांगून थांबत नाही, बरोबर येतं.

हलशीच्या वाटेवर नंदगड. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी इथंच २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिली. समाधीजवळ वडाचं झाड आहे. नंदगडच्या बाजारात मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी माणसं आहेत आणि रायण्णा दोघांचाही. नारळ फोडणारा कुठल्या भाषेत पुटपुटतोय हे तिथं कुणी बघत नाही.

हलशीहून कित्तूरकडं निघालात तर वाटेत आणखी एक थांबा करा: कित्तूरपासून पाचेक किलोमीटरवर देगाव. कमलनारायणाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिनं बांधवून घेतलेलं. तीन गाभारे आहेत आणि करणाऱ्या कारागिराचं नावही आपल्याला माहीत आहे, तिप्पोज. एवढ्या जुन्या देवळात राजाचं नाव सापडतं, कारागिराचं क्वचित. मी दरवेळी तिथं खांबावर हात फिरवतो आणि मनात तिप्पोजला रामराम घालतो. एक सावधगिरी: खानापूरच्या जंगलात म्हादईच्या उगमाकडं दुसरं एक देगाव आहे. फोनला नुसतं ‘देगाव’ सांगून निघू नका. एक पाहुणा तसा निघाला होता, दुपारी दोन वाजता नेटवर्क नसलेल्या जागी पोचला.

कित्तूरचा किल्ला आता पडझडीतला आहे, पण वाड्याची जोती आणि विहिरी बघण्यासारख्या. २३ ऑक्टोबर १८२४ ला इथं कंपनीच्या फौजेचा पराभव झाला, थॅकरे नावाचा कलेक्टर मारला गेला. म्हणून २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो. त्या तीन दिवसांत सायकल घेऊन तिकडं फिरकू नका, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. कित्तूरहून बेळगावला परत येताना मी सरळ बसनं येतो. महामार्गावरचे ५० किलोमीटर चालवून कुणाचं भलं झालेलं नाही.

भीमगडच्या जंगलातून सायकल नेता येते का?

नाही, आणि विचारूही नका. २०११ पासून ते अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी लागते आणि सायकलला ती मिळेल असं धरून निघायचं नसतं. गवे, अस्वलं आहेत. बारापेड्याच्या गुहेत एक दुर्मीळ जातीचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. त्यांना आपल्याशिवाय बरं चाललंय.

मी स्वतः एकदा फोनच्या नकाशावर दिसणाऱ्या वाटेनं आत शिरलो होतो. अर्ध्या तासात वनरक्षकानं अडवलं, नाव लिहून घेतलं, आणि ‘अस्वलाला नकाशा वाचता येत नाही’ म्हणून परत पाठवलं. जांबोटी-कणकुंबीच्या मोठ्या रस्त्यावरसुद्धा दिवेलागणीनंतर सायकल नको.

पावसाळ्यात येऊ का? तेव्हा तर सगळं हिरवं असतं.

हिरवं असतं हे खरं. बेळगावच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला पाऊस असा पडतो की छत्री ही चैन वाटते. जून ते सप्टेंबर मी स्वतः फक्त शहराच्या आसपास फिरतो. पण खरा मुद्दा पावसाचा नाही, पुलांचा आहे.

निपाणी-चिकोडी भागात वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेवर बुटके पूल आहेत. काही बंधाऱ्यावरूनच रस्ता काढलेले. सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर. ही नावं पावसाळ्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्रात ‘पाण्याखाली’ या शब्दाच्या आधी वाचायला मिळतील. पाऊस इथं पडायला लागतो असंही नाही. वर कोल्हापुरात, राधानगरी-काळम्मावाडीकडं धो धो झाला की इथं कोरड्या उन्हात पूल बुडतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर या भागानं बघितले आहेत. देवळाच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा लोक बोटानं दाखवतात.

नवख्या माणसाला कळत नाही ते हे: पूल दिसत असतो. वरून घोट्याएवढं पाणी जात असतं. वाटतं, एवढंच तर आहे, सायकल उचलून जाऊ. एका ऑक्टोबरात मी असाच वेदगंगेच्या एका पुलावर उभा होतो. काठावर म्हशी धुणारी एक आजी म्हणाली, ‘मधी कठडा न्हाई बघ, आन् शेवाळ हाय. पाणी उतरल्याबिगर जाऊ नको गा.’ मी वळसा घालून गेलो, १८ किलोमीटरचा. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर बघितलं तर खरंच मधला कठडा वाहून गेलेला, आणि शेवाळावर चालतसुद्धा पाय घसरत होता. तेव्हापासून गावात शिरलं की पहिला प्रश्न अंतराचा नाही विचारत. ‘पूल उघडा हाय काय?’ एवढं विचारतो.

म्हणून काळ: ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. मार्चपासून पूर्वेकडचा भाग तापतो. पश्चिमेला एप्रिलमध्येही सकाळी दहापर्यंत चालतं, आणि काजूची बोंडं रस्त्यावर पडलेली असतात, ती वेगळी मजा.

निपाणी-चिकोडीकडं मग काय बघायचं? तो तर तंबाखूचा आणि उसाचा मुलूख.

तंबाखूचा, उसाचा आणि पुलांचा. पूल बुडतात म्हणून नावं ठेवली खरी, पण पाणी उतरल्यावर तेच पूल सायकलसाठी सोन्यासारखे. उंच पुलावरून नदी बघायची असते, बुटक्या पुलावर नदी आपल्या चाकाशी असते. सकाळी धुकं पाण्यावर उभं असतं, डोंबकावळा आणि बगळे कठड्यावर, आणि पलीकडून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आली की आपण बाजूला व्हायचं.

माझा ठरलेला फेरा: निपाणीतून अक्कोळ, वेदगंगा ओलांडून सिदनाळ, पुढं भोज, दूधगंगा ओलांडून कारदगा. भोज म्हणजे जैनांचे आचार्य शांतिसागर महाराज यांचा परिसर. या पट्ट्यात शेती करणारे जैन मोठ्या संख्येनं आहेत, गावागावांत बस्त्या आहेत. पुढं सदलग्याच्या अंगानं जाऊन मलिकवाडला दूधगंगा ओलांडली की पलीकडचं दत्तवाड महाराष्ट्रात. चहाच्या गाड्यावर भाव तोच, चवही तीच. फक्त एसटीचा रंग बदलतो.

तसंच पुढं कृष्णेपर्यंत गेलात तर खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ महाराष्ट्राच्या बाजूला, नदीपलीकडचं जुगूळ कर्नाटकात. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि मधोमध छत उघडं, गोल आकाश दिसणारं. शंकराचं देऊळ असूनही समोर नंदी नाही. लोक सांगतात की नंदी नदीच्या काठानं खाली यडूरला आहे. यडूर चिकोडी तालुक्यात, वीरभद्राचं मोठं ठाणं. देव एका राज्यात, त्याचा नंदी दुसऱ्या. १९५६ साली राज्यांची रेघ ओढणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नसणार.

खिद्रापुरात एक गोष्ट करा: दुपारी बाराच्या सुमाराला स्वर्गमंडपात थांबा. बाकी वर्णन करत बसत नाही.

गोकाकचा धबधबा?

जरूर बघा, पण सायकलसाठी नका जाऊ. घटप्रभा ५२ मीटर खाली पडते, झुलता पूल आहे, काठावर एकोणिसाव्या शतकातली सूतगिरणी. पाणी जुलै ते ऑक्टोबर, आणि तेव्हाच गर्दी. रस्ताही वाहता. सायकलनं जायचंच असेल तर हिडकल धरणाच्या बाजूनं, घटप्रभेच्या काठानं या. उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. तोही वाईट नसतो.

अर्धाच दिवस हातात आहे.

शहराच्या पश्चिमेला जा. हिंडलगा, सुळगा, उचगाव, बेकिनकेरे असा एक फेरा. किंवा बेळगुंदीवरून राकसकोपचा तलाव. शहराला मार्कंडेयवरच्या या तलावातून पाणी येतं. पुढं तुडये म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. एका सकाळीत तुम्ही हद्द दोनदा ओलांडता आणि पाटी वाचली नाहीत तर कळतही नाही. या बाजूला लाल मातीत रताळी आणि बटाटे. नवरात्राच्या सुमाराला बांधाबांधावर रताळ्यांचे ढीग असतात. चार विकत मागितलीत तर सहा मिळतात.

छातीचा भाता तपासायचा असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड. शेवटचा चढ उतरून ढकलत जाण्यात कमीपणा नाही.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या रविवारी आलात तर कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमणी यांपैकी एखाद्या गावात मराठी साहित्य संमेलन लागलेलं सापडेल. ग्रंथदिंडी निघते, गावजेवण असतं, आणि सायकलवरून आलेल्या पाहुण्याला पंक्तीत बसवल्याशिवाय सोडत नाहीत. माझी तीन संमेलनं अशी पोटावरून झालेली आहेत.

कुठली सायकल लागेल?

जी आहे ती. मात्र टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे घ्या. पश्चिमेला जांभ्याची खडी आणि खड्डे, पूर्वेला काळी माती. काळी माती वाळली तर दगड, भिजली तर डिंक. एकदा अवकाळी पाऊस झाल्यावर मी कित्तूरच्या पुढं शेतातल्या वाटेला लागलो आणि शंभर पावलांत मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये इतकी माती बसली की चाक फिरेना. मडगार्ड उपटून, काटकीनं माती काढत, सायकल खांद्यावर घेऊन डांबरीला आलो. ढग दिसले तर पूर्वेला डांबरी सोडायची नाही.

गिअर हलके हवेत. पाण्याच्या दोन बाटल्या. कॅरिअरला पिशव्या बांधा, पाठीवर नकोत.

एक आठवण करून देतो, बेळगावला सायकल नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथं सायकलचं दुकान काढलं. पुढं नांगर, कारखाना, किर्लोस्करवाडी वगैरे सगळं झालं, पण सुरुवात सायकलपासून. त्यांचा जन्म गुर्लहोसूरचा, म्हणजे तेही मलप्रभेच्या काठचेच. शहरातला किर्लोस्कर रोड आजही बाजारपेठेत आहे. तिथून सायकल चालवत जाणं मात्र अवघड, एवढी गर्दी.

पंक्चर झालं तर?

साध्या व्हॉल्व्हची ट्यूब असेल तर कुठल्याही मोठ्या गावात काम होतं. बारीक, लांब व्हॉल्व्हवाली असेल तर अडॅप्टर खिशात ठेवा, नाहीतर दुकानदार पंप हातात घेऊन तुमच्याकडं बघत बसतो. पूर्व भागात बाभळीचे काटे आणि सराटे. तिथं दोन जादा ट्यूब. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायची वेळ आली तर घाई करू नका. गिअरच्या सायकलला हात न लावलेला मिस्त्री भिडेपोटी ‘करतो की’ म्हणतो. मी एकदा ‘करा’ म्हटलं आणि ४० किलोमीटर लोलक चालवत आलो. चूक त्याची नव्हती, माझी.

उसाच्या ट्रॅक्टरांची भीती वाटते.

वाटायलाच हवी. नोव्हेंबर ते मार्च हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा असेलच असं नाही, आणि गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की तुमची घंटी ऐकू जाणं शक्य नाही. समोरून येत असेल तर उतरून बाजूला व्हा. मागून ओव्हरटेक करायचं झालं तर दुसरी ट्रॉली वळणावर किती आत येते ते आधी बघून घ्या. अंधार पडल्यावर निपाणी-चिकोडी-रायबाग पट्ट्यात सायकल बंद. सुगीत आणखी एक: लोक मळणीसाठी पीक रस्त्यावरच पसरतात. त्यावरून चाक घालू नका. काड गिअरमध्ये अडकते, आणि कुणाचं तरी धान्य असतं ते.

मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, माघातच चिंचलीची मायाक्का. बैलगाड्या, ट्रॅक्टर, चालत निघालेली माणसं. सायकलला वाट मिळणार नाही, प्रसाद मात्र मिळेल.

कन्नड येत नाही. अडचण होईल?

खानापूर, बेळगावचा पश्चिम भाग, निपाणी इथं नाही. ‘कुठं जाऊलास गा?’, ‘काय करूलास?’ असं कानावर आलं तर ते आपलंच मराठी आहे, बेळगावचं. पूर्वेला कित्तूर, बैलहोंगल, गोकाककडं कन्नड लागतं. तिथं तोडकंमोडकं बोललात तरी माणूस खुलतो. ‘नीर कोड्री’ म्हणजे पाणी द्या. ‘एष्ट दूर ऐतिरी?’ किती लांब आहे. एडक्के डावीकडं, बलक्के उजवीकडं. शेवटचा ‘री’ विसरू नका, तो आपल्या ‘हो’ आणि ‘अहो’सारखा आहे. पुरुषाला अण्णा, बाईला अक्का. चुकलात तर हसतील, आणि हसून झाल्यावर बरोबर वाट दाखवतील.

राजकारणावर तुमचं मत असेल, माझंही आहे. चहाच्या टपरीवर ते काढू नका. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, त्या दिवशी शहरात फिरण्यात अर्थ नाही. आणि डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावात लॉजची खोली मिळणं मुश्कील.

राज्य ओलांडताना काही परवाना, तपासणी?

सायकलला काही नाही. कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्या दारूसाठी तपासतात. तुमच्या कॅरिअरच्या पिशव्या फुगलेल्या दिसल्या तर त्याही उघडायला लावतील. आत मळके कपडे निघाल्यावर लगेच बंद करायला सांगतात.

राहायचं कुठं, खायचं काय?

खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, कित्तूर इथं साधी लॉज मिळतात. सायकल खोलीत नेऊ देतील का हे पैसे देण्याआधी विचारा. एका ठिकाणी मला रात्री अकराला सांगण्यात आलं की सायकल बाहेरच राहील, आणि मी ती रात्र खिडकीपाशी काढली. यडूर, सौंदत्तीसारख्या देवस्थानांच्या गावी यात्रेकरूंची सोय असते. छोट्या गावात मुक्काम करायचा झाला तर आधी पंचायतीतल्या कुणाला किंवा देवळाच्या पुजाऱ्याला विचारून मगच पथारी टाका.

खाण्याची चैन आहे. सकाळी उप्पीट-शिरा किंवा इडली, कुठंही. पश्चिमेला भात, आमटी, तांदळाची भाकरी. महामार्ग ओलांडून पूर्वेला गेलात की खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरलं वांगं), शेंगाचटणी आणि घट्ट दही. संध्याकाळी गिरमिट, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, आणि मिरचीभजी. भजीनंतर लगेच चढ लागणार असेल तर दोनवर थांबा.

एकटी बाई सायकलवर आली तर?

माझ्या वहिनीचा अनुभव सांगतो, कारण माझा सांगून उपयोग नाही. ती खानापूर-हलशी-नंदगड दोनदा एकटी फिरली आहे. तिचं म्हणणं: त्रास माणसांचा नाही, कुत्र्यांचा आणि प्रश्नांचा. ‘एकट्याच? घरचे कुठं? लग्न झालंय काय?’ हे प्रत्येक कट्ट्यावर. तिनं शेवटी बायकांच्या कट्ट्यावरच थांबायला सुरुवात केली. प्रश्न तेच असतात, पण चहा येतो. अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि जांबोटीच्या पुढं एकटीनं जायचं नाही, हे दोन नियम ती पाळते. दुसरा नियम मी पुरुषांनाही लावतो.

बेळगावपर्यंत सायकल कशी आणायची?

रेल्वेनं, पार्सल कार्यालयात नोंदवून. मिरज-लोंढा मार्गावर बेळगाव हे मोठं स्टेशन आहे. देसूर, खानापूर, गुंजी अशी छोटी स्टेशनं नकाशावर सोयीची दिसतात, पण गाडी तिथं मिनिट-दोन मिनिटं थांबते, सायकल उतरवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पेडल काढून, हँडल वळवून, जुन्या गोणपाटात बांधा आणि दोन बाजूंना नाव-पत्ता लिहा. खासगी बसवाले डिकीत घेतात, दर तोंडी ठरतो, आधी ठरवा.

परतीला वाऱ्याचा विचार करा. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून असतो. म्हणजे सकाळी कणकुंबीकडं जाताना तो पाठीशी आणि दमून परतताना तोंडावर. जमेल तर गाडीनं सायकल पूर्वेला न्या आणि चालवत पश्चिमेला या.

कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, सायकलवरून घरी नेला तर टिकेल?

थंडीत दोन-तीन दिवस टिकतो. पिशवीच्या तळाशी नको, धक्क्यांनी लगदा होतो. वरती, कपड्यांच्या घडीत ठेवा आणि उन्हात सायकल उभी करू नका. मांडे मात्र नेऊ नका. निपाणीपर्यंतसुद्धा अख्खे पोचलेले मी बघितलेले नाहीत.